घरातील धातूच्या पाइपांचे अर्थिंग आणि बाँडिंग: कामाचा योग्य क्रम

धातूच्या पाण्याच्या किंवा गॅसच्या पाइपाला अर्थ वायर जोडावी लागते, एवढे बहुतेकांनी ऐकलेले असते. चुका होतात त्या पुढच्या टप्प्यांवर. कोणी हाताला येईल त्या नळाला उघडी तार गुंडाळतो, कोणी रंगावरच क्लॅम्प (पाइपावर आवळायचा धातूचा पट्टा) आवळतो, तर कोणी घराचे मूळ अर्थिंग शाबूत आहे की नाही हे न पाहताच सगळे पाइप अर्थ पट्टीला (मुख्य स्विचजवळची, घरातील सर्व अर्थ वायरी जिथे एकत्र येतात ती धातूची पट्टी) जोडून मोकळा होतो. यातली शेवटची चूक सर्वांत घातक आहे. मूळ अर्थिंग तुटलेले असताना पाइप जोडले, तर एका उपकरणातील बिघाडाने घरातील प्रत्येक नळात एकाच वेळी वीज उतरू शकते. म्हणून या लेखात साहित्यापेक्षा क्रमाला अधिक जागा दिली आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. मुख्य स्विच आणि अर्थ पट्टी यांवरचे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियननेच करावे. घरमालकाने पाइपांची पाहणी करावी, नकाशा काढावा, योग्य प्रश्न विचारावेत आणि केलेल्या कामाची मोजमापे लिहून घ्यावीत. या दोन्ही भूमिकांतील व्यक्तींना उपयोग व्हावा अशा बेताने पुढचे टप्पे मांडले आहेत.

## बाँडिंग नेमके काय करते

अर्थिंग आणि बाँडिंग ही दोन वेगळी कामे आहेत आणि त्यांची गल्लत झाली की जोडणीही चुकते. अर्थिंगमुळे उपकरणाच्या धातूच्या आवरणात उतरलेला प्रवाह परत जाण्यास वाट मिळते. तो प्रवाह पुरेसा मोठा असला की एमसीबी (जादा प्रवाह झाल्यास पडणारा स्वयंचलित स्विच) किंवा आरसीसीबी (प्रवाह अर्थकडे गळू लागल्यास पडणारा स्विच) पुरवठा तोडते. बाँडिंगचे काम पुरवठा तोडण्याचे नाही. एकाच वेळी दोन हातांनी, किंवा एका हाताने आणि ओल्या पायाने, ज्या दोन धातूंना स्पर्श होऊ शकतो त्यांच्यातील विद्युतदाबाचा फरक कमी ठेवणे, एवढेच तिचे काम असते.

आकड्यांतून हे चटकन समजते. समजा, २३० व्होल्टच्या घरात गिझरच्या आवरणाला फेज वायर टेकली आणि २०० अँपिअर प्रवाह वाहू लागला. गिझरपासून अर्थ पट्टीपर्यंतच्या अर्थ वायरचा रोध ०.३ ओहम आहे आणि पट्टीपासून पुरवठ्याच्या उगमापर्यंतच्या परतवाटेचा रोधही ०.३ ओहम आहे. पुरवठा तुटेपर्यंतच्या त्या क्षणांत गिझरचे आवरण जमिनीच्या तुलनेत १२० व्होल्टवर चढते. शेजारचा पाण्याचा पाइप थेट जमिनीतून आलेला आणि कशालाही न जोडलेला असेल, तर तो शून्याजवळ राहतो. दोन्हींना एकदम स्पर्श करणाऱ्या माणसाला जवळपास पूर्ण १२० व्होल्टचा फरक लागतो. तोच पाइप अर्थ पट्टीशी बाँड केलेला असेल, तर पट्टीबरोबर तोही ६० व्होल्टवर चढतो आणि माणसाच्या वाट्याला ६० व्होल्टचा फरक येतो. स्नानगृहात स्थानिक बाँडिंगही केले असेल, तर हा फरक आणखी कमी होतो.

पाइप स्वतःहूनही धोका घरात आणू शकतो. बहुमजली इमारतीत खालच्या मजल्यावरील बिघाड धातूच्या उभ्या पाइपातून वरच्या घरात पोहोचतो, त्या वरच्या घरातील वायरिंग कितीही निर्दोष असले तरीही. त्यामुळे पाइप जिथे घरात शिरतो ती जागा या कामात सर्वांत महत्त्वाची ठरते.

## पूर्वतयारी

पहिले साधन म्हणजे कागद आणि पेन. पाण्याचा, गॅसचा आणि असल्यास मध्यवर्ती तापनव्यवस्थेचा पाइप घरात कुठून येतो, कुठे फांद्या फुटतात, कुठे धातू संपून प्लॅस्टिक सुरू होते, हे सगळे रेखाटून घ्यावे. भिंतीत गेलेल्या भागावर प्रश्नचिन्ह टाकावे. या अर्ध्या तासाच्या कामात पुढच्या बऱ्याच चुका टळतात.

मोजमापासाठी तीन उपकरणे लागतात. सलगता, म्हणजे जोडणी अखंड आहे की नाही ते, मोजणारा कमी रोधाचा ओहममीटर, जो चाचणीच्या वेळी किमान २०० मिलिअँपिअर प्रवाह पाठवतो. ५०० व्होल्ट डीसीवर चालणारा इन्सुलेशन टेस्टर, ज्याला सगळे मेगर म्हणतात. आणि वायरभोवती धरून प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर. साध्या मल्टिमीटरचा बझर या कामासाठी पुरेसा नाही. बझर कित्येक ओहमच्या जोडालाही वाजतो, आणि इथे आपल्याला ओहमच्या शंभराव्या भागापर्यंतचे अंतर ओळखायचे असते.

साहित्यात पिवळ्या पट्ट्यांची हिरवी तांब्याची वायर, पाइपाच्या व्यासाला आणि धातूला साजेसे अर्थ क्लॅम्प, वायरच्या मापाचे लग (वायरच्या टोकाला बसवायची धातूची टोपणे), ते दाबण्याचे क्रिंपिंग टूल, बारीक पॉलिश पेपर, तारेचा ब्रश आणि कायम टिकतील अशा सूचनापट्ट्या आधीच जमवून ठेवाव्यात. प्लंबरने पाइप टांगण्यासाठी वापरलेला क्लॅम्प आणि अर्थ क्लॅम्प दिसायला जवळपास सारखे असतात. मात्र पहिला केवळ वजन पेलण्यासाठी बनवलेला असतो आणि त्यावर वायरचा जोड वर्षानुवर्षे घट्ट राहत नाही.

इशारा: गॅसचा वास येत असेल, तर कोणतेही मोजमाप सुरू करू नये, स्विचला हात लावू नये आणि आधी गळती दुरुस्त करून घ्यावी.

## टप्पा १: कोणता पाइप जोडायचा, ते ठरवणे

दिसेल तो प्रत्येक धातू जोडत सुटणे चुकीचे आहे. जो पाइप बाहेरून, म्हणजे जमिनीतून किंवा इमारतीच्या सामाईक भागातून, एखादा विद्युतदाब घरात आणू शकतो, त्याला मुख्य बाँडिंग, म्हणजे थेट अर्थ पट्टीपर्यंतची जोडणी, लागते. जमिनीतून आलेला लोखंडी किंवा तांब्याचा पाण्याचा पाइप, गॅसचा कडक धातूचा पाइप, तापनव्यवस्थेचे धातूचे पाइप आणि इमारतीचा उघडा पोलादी सांगाडा ही त्याची नेहमीची उदाहरणे.

याउलट, दोन्ही बाजूंना प्लॅस्टिक पाइप असलेला धातूचा एखादा नळ किंवा हातभर लांबीचा तुकडा कुठूनच काही आणत नाही. त्याला जोडण्याची गरज नसते, आणि जोडल्यास तोटाही होऊ शकतो. एका हातात बिघडलेले उपकरण आणि दुसऱ्या हातात असा वेगळा पडलेला नळ असेल, तर प्रवाहाला पुढे वाट नसते. तोच नळ आपण अर्थला जोडला, तर ती वाट आपणच तयार करून देतो.

बाहेरून प्लॅस्टिक आणि आत सगळे धातूचे, अशी मिश्र व्यवस्था असेल तेव्हा अंदाजावर जाऊ नये. प्लॅस्टिक पाइपातील पाण्यातून वीज वाहते हे खरे, पण फार कमी. सुमारे १५ मिलिमीटर व्यासाच्या पाइपातील नेहमीच्या नळाच्या पाण्याचा रोध दर मीटरला १ लाख ओहमच्या आसपास भरतो. त्यामुळे सलग प्लॅस्टिकमधून आलेल्या पाइपाला मुख्य बाँडिंग सहसा लागत नाही. मात्र आतला धातूचा पाइप पुढे तळमजल्याच्या ओल्या जमिनीत गाडलेला असू शकतो, म्हणून मोजावेच.

मोजण्याची पद्धत अशी: मुख्य स्विच बंद करावा, पाइपाला जोडलेली सर्व विद्युत उपकरणे त्यांच्या अर्थ वायरसह सोडवावीत, आणि मेगरचे एक टोक अर्थ पट्टीला व दुसरे पाइपाला लावून ५०० व्होल्टवर रोध मोजावा. माणसाच्या शरीरातून १० मिलिअँपिअरपेक्षा अधिक प्रवाह जाऊ नये, असा निकष धरला तर २३० व्होल्टला एकूण २३,००० ओहम लागतात. त्यातील १,००० ओहम शरीराचे धरून वजा केले की २२,००० उरतात. मोजलेला रोध २२ किलोओहमपेक्षा कमी असेल, तर तो पाइप बाहेरचा दाब आणू शकतो असे समजून बाँड करावा.

उपकरणे न सोडवता ही चाचणी घेतली, तर गिझरच्या अर्थ वायरमधून वाट मिळून मीटर जवळपास शून्य दाखवतो आणि निष्कर्ष पूर्ण चुकतो. जमिनीतून धातूचाच आलेल्या गॅसच्या पाइपाला या चाचणीची गरज नाही. तो बाँड करायचाच असतो.

## टप्पा २: मूळ अर्थिंग आधी तपासणे

हा टप्पा वगळून पुढे जाऊ नये.

मुख्य अर्थ पट्टीपासून निघालेली जाड अर्थ वायर कुठे जाते, ते डोळ्यांनी पाहावे. ती जमिनीतील इलेक्ट्रोडकडे (अर्थिंगसाठी गाडलेल्या धातूच्या दांड्याकडे किंवा पत्र्याकडे), पुरवठ्याच्या केबलच्या धातूच्या कवचाकडे किंवा वीज कंपनीने दिलेल्या अर्थ टर्मिनलकडे गेलेली असावी. ती भिंतीत शिरून दिसेनाशी होत असेल, तर ती कुठेतरी पोहोचतच असणार असे गृहीत धरू नये. इलेक्ट्रिशियनकडून अर्थ लूपचा, म्हणजे बिघाडाचा प्रवाह ज्या पूर्ण वाटेने फिरतो तिचा, रोध मोजून घ्यावा. घराला स्वतःचा इलेक्ट्रोड असेल, तर त्याचा रोध आणि आरसीसीबीचा कार्यप्रवाह (ज्या गळतीला ती पडते तो प्रवाह) यांचा गुणाकार ५० व्होल्टपेक्षा कमी आला पाहिजे. ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीसाठी कागदावर १,६६७ ओहमपर्यंतचा रोध चालतो, परंतु इतका मोठा रोध ऋतूप्रमाणे आणि जमिनीच्या ओलाव्याप्रमाणे बदलत राहतो. त्यावर विसंबून राहणे मला योग्य वाटत नाही.

जुन्या घरांत एक घातक रचना आढळते: पाण्याचा पाइप हेच घराचे एकमेव अर्थिंग असते. पाणीपुरवठा खात्यातील कोणीतरी रस्त्याखालच्या पाइपाचा एक तुकडा बदलून प्लॅस्टिकचा टाकला, की त्या क्षणी संपूर्ण घराचे अर्थिंग नाहीसे होते आणि घरात कोणताही दिवा विझत नाही, कोणताही स्विच पडत नाही, त्यामुळे कोणाला पत्ताही लागत नाही. अशा घरात आधी स्वतंत्र अर्थिंग उभे करावे, ते मोजून खात्री करावी, आणि त्यानंतर पाण्याच्या पाइपाची जुनी जोडणी बाँडिंग म्हणून योग्य वायरने नव्याने करावी. जुनी जोडणी आधी काढून मग नवे अर्थिंग करणे म्हणजे मधल्या काळात घर उघडे ठेवणे होय. गॅसचा पाइप तर इलेक्ट्रोड म्हणून कधीही वापरू नये.

तपासणी: अर्थ लूपचा किंवा इलेक्ट्रोडचा आकडा कागदावर लिहिलेला आहे का? आरसीसीबीचे चाचणी बटण दाबल्यावर ती पडते का? बटणाने फक्त तिची यंत्रणा तपासली जाते, अर्थिंग नव्हे. म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यावरून काढू नये.

## टप्पा ३: जोडणीची जागा निवडणे

पाइप इमारतीत जिथे शिरतो त्याच्या शक्य तितक्या जवळ, ग्राहकाच्या बाजूला, आणि पहिली फांदी फुटण्याच्या आधी क्लॅम्प बसवावा. मीटर घरातच असेल, तर मीटरमधून बाहेर पडणाऱ्या कडक पाइपावर, काही देशांच्या नियमांत सांगितल्याप्रमाणे शक्यतो ६०० मिलिमीटरच्या आत, ही जागा येते. गॅसच्या पाइपात प्रवेशाजवळ इन्सुलेटिंग जोड (वीज पुढे जाऊ न देणारा जोड) बसवलेला असेल, तर क्लॅम्प त्या जोडाच्या घराकडील बाजूला हवा. जोड ओलांडून वायर टाकली, तर तो बसवण्याचा हेतूच नष्ट होतो.

स्वयंपाकघरातील नळाखाली जोडणी करणे सोपे असते म्हणून तीच जागा निवडली जाते. पण प्रवेशापासून तिथपर्यंत मध्ये एखादा प्लॅस्टिकचा तुकडा, व्हॉल्व्ह किंवा फिल्टर असेल, तर प्रवेशाकडचा खरा धोक्याचा भाग तसाच मोकळा राहतो. लवचीक नळीवर, नागमोडी पातळ स्टीलच्या नळीवर, मीटरच्या युनियनवर (उघडता येणाऱ्या जोडावर) किंवा हलणाऱ्या नटावर क्लॅम्प लावू नये. नागमोडी नळी असेल, तर तिच्या टोकाच्या कडक फिटिंगवर लावावा.

निवडलेली जागा कायम हाताला येणारी असली पाहिजे. प्लास्टरखाली किंवा फरशीखाली गाडलेला क्लॅम्प पुन्हा तपासता येत नाही, आणि न तपासता येणारा जोड सैल झाल्याचे कोणाला कळत नाही.

## टप्पा ४: वायरचे माप

आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६०३६४ नुसार मुख्य बाँडिंगची वायर घरातील सर्वांत मोठ्या संरक्षक अर्थ वायरच्या निम्म्या छेदापेक्षा (आडव्या कापाच्या क्षेत्रफळापेक्षा) लहान नसावी आणि तांब्याची असल्यास कोणत्याही परिस्थितीत ६ चौरस मिलिमीटरपेक्षा कमी नसावी. ॲल्युमिनियमसाठी हीच किमान मर्यादा १६ आणि पोलादासाठी ५० चौरस मिलिमीटर आहे. वरची मर्यादाही आहे: तांब्यात २५ चौरस मिलिमीटरपेक्षा मोठी वायर घालण्याची सक्ती नाही. म्हणजे मुख्य अर्थ वायर १६ ची असेल, तर निम्मे ८ होतात, आणि बाजारात मिळणारे पुढचे माप १० निवडावे; मुख्य वायर १० ची असेल, तर निम्मे ५, पण किमान मर्यादेमुळे ६ घ्यावी.

ज्या पुरवठ्यात न्यूट्रल आणि अर्थ एकाच वाहकातून येतात आणि घराच्या तोंडाशी वेगळे होतात, तिथे अधिक जाड वायर लागू शकते. अशा पुरवठ्याचा न्यूट्रल रस्त्यावर तुटला, तर घरातील आणि कधी शेजारच्या घरांतीलही प्रवाह बाँडिंग वायरमधून पाइपाकडे वळतो, आणि तो काही क्षणांसाठी नसून सतत वाहत राहतो. आपल्या पुरवठ्याचा प्रकार वीज कंपनीकडून विचारून घ्यावा आणि तिथल्या नियमांतील माप वापरावे.

## टप्पा ५: पुरवठा बंद करणे आणि जुन्या जोडण्यांतील प्रवाह पाहणे

मुख्य स्विच बंद करून कुलूप लावावे, आणि दोन टोकांच्या व्होल्टेज टेस्टरने फेज, न्यूट्रल व अर्थ यांच्यात दाब नाही याची खात्री करावी. स्क्रूड्रायव्हरसारखा दिसणारा निऑन टेस्टर यासाठी वापरू नये. उजेडात त्याचा प्रकाश दिसत नाही, आणि तो पेटला नाही म्हणजे वीज नाही असे सिद्ध होत नाही.

यानंतरची पायरी जवळपास सगळेच विसरतात. मुख्य स्विच बंद असला तरी जुन्या बाँडिंग वायरमधून किंवा पाइपातून प्रवाह वाहत असू शकतो, कारण तो आपल्या घरातील नसून बाहेरून आलेला असतो. म्हणून कोणतीही जुनी जोडणी सोडण्यापूर्वी तिच्याभोवती क्लॅम्प मीटर धरून पाहावे.

इशारा: स्विच बंद असतानाही अँपिअरच्या घरातील प्रवाह दिसला, तर वायर सोडू नये. सोडताना ठिणगी पडते आणि सुटलेल्या दोन टोकांमध्ये धोकादायक दाब उभा राहू शकतो. काम थांबवून वीज कंपनीला कळवावे.

## टप्पा ६: पाइप साफ करणे आणि क्लॅम्प बसवणे

क्लॅम्पच्या रुंदीहून थोडा अधिक भाग स्वच्छ करावा. रंग, गंज, चुना आणि तेलकटपणा पूर्ण निघून धातू चकाकला पाहिजे. जस्ताचा मुलामा असलेल्या पाइपावर मात्र हात हलका ठेवावा. वरची घाण काढायची, जस्त खरवडायचे नाही, कारण ते गेले की तिथूनच गंज सुरू होतो. गॅसच्या पाइपावर ग्राइंडर किंवा ठिणग्या उडवणारे कोणतेही साधन चालवू नये, आणि कोणत्याही पाइपावर वायर झाळू किंवा वेल्ड करू नये.

क्लॅम्पचा धातू पाइपाशी जुळता हवा. ओल्या जागी जस्त आणि तांबे थेट टेकले, तर जस्त झिजत जाते आणि पाइप त्या ठिकाणी कमजोर होतो. लोखंडी पाइपासाठी बनवलेला क्लॅम्प लोखंडी पाइपालाच वापरावा. ओलसर जागेसाठी वेगळा प्रकार मिळतो, तो मागून घ्यावा.

पट्टा पाइपाभोवती सपाट बसवून स्क्रू आवळावा आणि लॉकनट घट्ट करावा. हाताने फिरवून पाहिल्यावर क्लॅम्प जागचा हलता कामा नये. तांब्याचा पाइप मऊ असतो, म्हणून तो चेपेल इतकाही जोर लावू नये. काम झाल्यावर, सुरक्षेसाठी केलेली ही जोडणी काढू नये, असे लिहिलेली पट्टी क्लॅम्पशेजारी लगेच बांधावी. ती नंतर लावायची म्हणून बाजूला ठेवली, की राहून जाते.

## टप्पा ७: वायर टाकणे आणि पट्टीवर जोडणे

प्रत्येक पाइपापासून मुख्य अर्थ पट्टीपर्यंत स्वतंत्र वायर टाकणे सर्वांत चांगले, कारण पुढे एकेक जोडणी वेगळी करून मोजता येते. एकाच वायरने दोन पाइप जोडायचे असतील, तर पहिल्या क्लॅम्पपाशी वायर कापू नये. फक्त इन्सुलेशन सोलून अखंड तांबे क्लॅम्पमधून पुढे न्यावे. कापून दोन टोके एका स्क्रूखाली बसवली, तर पहिला क्लॅम्प सुटताच दुसरा पाइपही सुटतो.

वायर सर्वांत जवळच्या वाटेने न्यावी, जागोजागी पकडीने आधार द्यावा आणि मध्ये जोड देणे टाळावे. टोकाला योग्य मापाचा लग क्रिंप करावा. क्रिंप झाल्यावर ओढून पाहावे. एखादा पदर जरी बाहेर राहिला असेल, तरी लग कापून नवा बसवावा. पट्टीवर प्रत्येक वायरला स्वतःचा स्क्रू द्यावा आणि कोणती वायर कुठल्या पाइपाची, ते टोकावर लिहावे.

इथे जोडणीचा क्रमही ठरलेला आहे: आधी अर्थ पट्टीकडचे टोक, मग पाइपाकडचे. काढताना नेमके उलट करावे. त्यामुळे बाहेरून काही दाब आलेला पाइप आणि हातातील मोकळी वायर यांच्यामध्ये माणूस सापडत नाही.

## टप्पा ८: मोजणे, मगच पुरवठा सुरू करणे

दोन वेगळी मोजमापे घ्यावीत. पहिले वायरचे: पट्टीकडचे टोक सोडून, मीटरच्या लांब वायरांचा स्वतःचा रोध आधी शून्य करून, त्या टोकापासून क्लॅम्पपर्यंत मोजावे. टोक न सोडता मोजले, तर समांतर वाटांमुळे खोटा चांगला आकडा येतो. मात्र टोक सोडल्यावर मुख्य स्विच कोणत्याही कारणाने चालू होणार नाही, याची हमी हवी. तांब्याच्या ६ चौरस मिलिमीटर वायरचा रोध २० अंश सेल्सिअसला दर मीटरला सुमारे ३.०८ मिलिओहम आणि १० च्या वायरचा १.८३ मिलिओहम असतो. म्हणजे १० मीटर लांबीला अनुक्रमे सुमारे ०.०३ आणि ०.०२ ओहम आले पाहिजेत. आधी हिशेब करून अपेक्षित आकडा लिहावा, मग मोजावे. याच्या कित्येक पट आकडा आला, तर वायर चुकीची आहे किंवा क्रिंप कच्चा आहे.

दुसरे मोजमाप जोडाचे. मीटरचे एक टोक क्लॅम्पवर आणि दुसरे त्याच्या शेजारी, क्लॅम्पला न टेकता, थेट पाइपाच्या उघड्या धातूवर धरावे. साधारणपणे ०.०५ ओहमच्या आत आकडा हवा. पहिले मोजमाप उत्तम आणि दुसरे वाईट येणे हे पाइपावर रंग किंवा गंज राहिल्याचे खात्रीचे लक्षण आहे, आणि फक्त पहिलेच घेणाऱ्याला ते कधीही सापडत नाही.

तपासणी: सोडलेली सर्व टोके पुन्हा जोडली का, उपकरणांच्या अर्थ वायरी जागेवर आहेत का, हे एकेक पाहून मगच मुख्य स्विच चालू करावा. चालू केल्यावर बाँडिंग वायरभोवती पुन्हा क्लॅम्प मीटर धरावा. नव्या वायरमधून सतत मोठा प्रवाह दिसला, तर न्यूट्रलचा दोष शोधावा लागेल.

## टप्पा ९: स्नानगृहातील पूरक बाँडिंग

ओल्या अंगाचा रोध कमी असतो, त्यामुळे स्नानगृहात मुख्य बाँडिंगनंतरही उरणारा फरक घातक ठरू शकतो. तिथे धातूचे पाइप, धातूचा टब आणि विद्युत उपकरणांच्या अर्थ वायरी एकमेकांना तिथल्या तिथे जोडतात. ही वायर वायरिंगच्या नळीतून किंवा केसिंग पट्टीतून संरक्षित नेली असेल, तर तांब्याची किमान २.५ आणि उघडी असेल तर किमान ४ चौरस मिलिमीटर हवी. तिला पुन्हा मुख्य पट्टीपर्यंत नेण्याची आवश्यकता नाही. उपकरणांच्या अर्थ वायरी तिथे आधीच पोहोचलेल्या असतात.

हे बाँडिंग पुरेसे आहे की नाही, ते आकड्यावरून ठरते. कोणत्याही दोन धातूंमधील रोध, ५० व्होल्ट भागिले संरक्षक उपकरण पडण्यास लागणारा प्रवाह, याहून अधिक नसावा. १६ अँपिअरच्या सी प्रकारच्या (मापाच्या दहापट प्रवाहाला नक्की पडणाऱ्या) एमसीबीला तात्काळ पडण्याची खात्री १६० अँपिअरला मिळते, म्हणून तिथे ०.३१ ओहमची मर्यादा येते. काही देशांच्या नियमांत, मुख्य बाँडिंग शाबूत असून स्नानगृहातील सर्व विद्युत मंडलांना (सर्किटांना) ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीचे संरक्षण असेल, तर पूरक बाँडिंग वगळता येते. धातूचे पाइप उघडे असतील, तर मी तरीही ते करण्याच्या बाजूने आहे, कारण आरसीसीबी हे बिघडू शकणारे यंत्र आहे.

पाइप सगळे प्लॅस्टिकचे आणि नळ तेवढे धातूचे असतील, तर त्या नळांना काहीही जोडू नये.

## टप्पा १०: पुढे पाइप बदलताना

मोजलेले आकडे, तारीख आणि क्लॅम्पच्या जागा दाखवणारा नकाशा मुख्य स्विचच्या पेटीत ठेवावा. प्लंबरला काम सांगताना तो दाखवावा.

मधला तुकडा बदलून प्लॅस्टिकचा झाला, तर त्यापुढील धातूचा भाग मुख्य क्लॅम्पपासून तुटतो. तो भाग दुसऱ्या एखाद्या वाटेने जमिनीला टेकत असेल, तर टप्पा १ मधील चाचणी करून त्याला नवी जोडणी द्यावी. बाहेरचा पाइपच प्लॅस्टिकचा झाला असेल, तर जुनी बाँडिंग वायर निरुपयोगी ठरलेली असू शकते. पण तीच चाचणी केल्याशिवाय ती काढू नये.

धातूचा पाइप कापण्यापूर्वी त्याच्यातील प्रवाह क्लॅम्प मीटरने पाहावा. त्यानंतर कापायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना स्वच्छ धातूवर क्लॅम्प लावून, बाँडिंगच्याच मापाच्या वायरने तात्पुरता पूल बांधावा, आणि मगच करवत लावावी. नवा तुकडा बसून दोन्ही बाजूंमधील सलगता मोजून झाल्यावर हा पूल सर्वांत शेवटी काढावा. मीटर बदलण्यासाठी पाइप सोडतानाही हीच रीत पाळावी.